गळ्याच्या सोनोग्राफीला नेमकं काय विचारायचं?

भूलशास्त्रात प्रबंधासाठी विषय शोधणाऱ्यांच्या यादीत एक विषय हमखास असतो : ‘अवघड श्वासमार्ग आणि सोनोग्राफी’. तो आवडण्याची कारणंही उघड आहेत. नर्व्ह ब्लॉकसाठी यंत्र थिएटरमध्ये बहुतेक ठिकाणी आलेलंच असतं, रुग्णाला सुई टोचावी लागत नाही, किरणोत्सर्ग नाही, आणि मोजमाप मिलिमीटरमध्ये मिळत असल्यामुळे तक्ते छान भरतात. तुम्हीही हाच विषय घेण्याच्या विचारात असाल, तर सारांश लिहायला बसण्याआधी हा लेख वाचा.

मुद्दा एकच आहे. गळ्यावर प्रोब ठेवून आपण तीन वेगवेगळे प्रश्न विचारू शकतो. ‘या रुग्णाला नळी घालणं अवघड जाईल का?’, ‘गळ्यात अमुक रचना नेमकी कुठे आहे?’ आणि ‘घातलेली नळी गेली कुठे?’ तिघांची उत्तरं सारख्या भरवशाची नाहीत. पहिला प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि त्याचंच उत्तर सगळ्यात कच्चं येतं. हे का होतं ते समजलं, तर विषय निवडणं सोपं जाईल.

आधी प्रसंग समजून घेऊ

समजा, औशाहून एक बत्तीस वर्षांचा माणूस लातूरला मोठ्या रुग्णालयात पाठवला गेला. दाढ किडून जबड्याखाली पू झालाय, सूज गळ्यापर्यंत उतरलीय. अंतर वीसेक किलोमीटरचं, म्हणजे पोचायला अर्धा तास. पण त्याचा खरा त्रास जुना आहे. दहा-बारा वर्षं गुटखा खाल्ल्यामुळे त्याचं तोंड दीड बोटाच्या वर उघडत नाही. पू काढायला भूल द्यावी लागणार. भूल दिली की त्याचा श्वास आपल्या हातात येतो. श्वासनलिकेत नळी गेली नाही आणि मास्कनेही हवा जाईना, तर मेंदूला इजा व्हायला काही मिनिटं पुरतात.

आता या माणसाला नेहमीच्या चाचण्या लावून बघा. मलमपट्टी चाचणी म्हणजे रुग्णाला तोंड उघडून जीभ बाहेर काढायला लावायची आणि आतलं किती दिसतं ते बघायचं. (नाव मराठी कानाला गमतीदार लागतं, पण ते आंध्रातून अमेरिकेत गेलेल्या डॉ. शेषगिरी मलमपट्टी यांचं आडनाव आहे. त्यांचा २१० रुग्णांवरचा मूळ अभ्यास १९८५ चा.) आपल्या रुग्णाचं तोंडच उघडत नाही, मग आतलं काय बघणार? प्रोब मात्र गळ्यावर बाहेरून ठेवायचा असतो, त्याला तोंड उघडायची गरज नाही. सोनोग्राफीची मराठवाड्यातली खरी उपयुक्तता इथे सुरू होते.

प्रोबला काय दिसतं, काय दिसत नाही

ध्वनिलहरी मऊ ऊतींतून सेकंदाला साधारण १,५४० मीटर वेगाने जातात. प्रोब १० मेगाहर्ट्झचा असेल तर लहरीची लांबी ०.१५ मिलिमीटर येते. त्यामुळे कातडीच्या दोन-तीन सेंटीमीटर खालच्या रचना बारीक तपशिलासह दिसतात. गळ्याच्या कामाला असा सरळ, जास्त वारंवारतेचा प्रोब बरा. जिभेचा मागचा भाग किंवा खोलवरचं काही बघायचं असेल तर पोटासाठी वापरतात तो वक्र, कमी वारंवारतेचा प्रोब लागतो.

एक अडचण कायमची आहे. हवेला लहर लागली की जवळजवळ सगळीच परत फिरते. म्हणून श्वासमार्गाची पुढची भिंत दिसते, पण हवेच्या पलीकडची मागची भिंत दिसत नाही. पडद्यावर एक पांढरी रेघ येते आणि तिच्याखाली तिच्याच खोट्या प्रतिमा एकाखाली एक उमटतात. ही पांढरी रेघ नीट ओळखायला शिका. पुढचं निम्मं काम तिच्यावरच चालतं.

पहिला प्रश्न : अवघड जाईल का?

कातडीपासून एपिग्लॉटिसपर्यंतचं अंतर, स्वरतंतूंच्या पातळीवरच्या ऊतीची जाडी, जिभेची जाडी, हनुवटी आणि हायॉइड हाड यांमधलं अंतर अशी मापं घेऊन ‘अमुक मिलिमीटरच्या वर गेलं की अवघड’ असं म्हणणारे अभ्यास पुष्कळ आहेत. त्यातले दोन शेजारी ठेवून वाचा.

२००३ मध्ये इस्राएलमध्ये एझ्री आणि सहकाऱ्यांनी ५० अतिस्थूल रुग्णांच्या गळ्याच्या पुढच्या भागातली जाडी मोजली. ज्या ९ जणांमध्ये स्वरयंत्र नीट दिसलं नाही त्यांची सरासरी जाडी २८ मिलिमीटर निघाली, बाकीच्यांची १७.५. इतका स्वच्छ फरक पाहून कुणालाही वाटेल की प्रश्न सुटला. २००७ मध्ये कोमात्सु आणि सहकाऱ्यांनी तेच माप ६४ अतिस्थूल रुग्णांवर घेतलं. त्यांतल्या २० जणांमध्ये दृश्य अवघड होतं. अवघड गटाची सरासरी आली २०.४ मिलिमीटर आणि सोप्या गटाची २२.३, म्हणजे फरक उलट्याच दिशेने!

दोघांपैकी कुणी खोटं मोजलं असं यातून निघत नाही. ९ आणि २० हे आकडे लहान आहेत. लोकसमूह वेगळे, चरबी कुठे साठते ते वेगळं, प्रोब किती दाबला तेही वेगळं. शिवाय ज्या रुग्णांवरून सीमारेषा ठरवायची, त्यांच्यावरच ती तपासली तर ती नेहमी चांगलीच दिसते. शिंप्याने ज्याचं माप घेतलं त्यालाच सदरा घालून बघावा, तसं ते आहे. तो दुसऱ्याला बसतो का हे वेगळं तपासावं लागतं.

आता मोठं गणित. डेन्मार्कच्या राष्ट्रीय भूल नोंदवहीतल्या १,८८,०६४ रुग्णांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ३,३९१ जणांना नळी घालणं अवघड गेलं, म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी. या अवघडांपैकी ९३ टक्के आधी कुणाच्या लक्षात आले नव्हते. आणि ज्या ९२९ जणांबद्दल ‘अवघड जाईल’ असं आधी लिहिलं होतं, त्यातले प्रत्यक्षात अवघड निघाले २२९. अनुभवी भूलतज्ज्ञांची ही गत का व्हावी?

कागद-पेन्सिल घ्या. १,००० रुग्ण, त्यात २ टक्के म्हणजे २० अवघड. तुमची सोनोग्राफी चाचणी ८० टक्के संवेदनशील आणि ८० टक्के विशिष्ट आहे असं धरू. २० पैकी १६ पकडले, छान. पण उरलेल्या ९८० सोप्या रुग्णांपैकी २० टक्के, म्हणजे १९६ जणांनाही तिने ‘अवघड’ ठरवलं. एकूण इशारे २१२, त्यातले खरे १६. शंभर वेळा घंटा वाजली तर साडेसात वेळा खरी. अशी घंटा महिनाभर ऐकली की थिएटरमधले लोक तिच्याकडे बघायचंच सोडून देतात.

मग तीच चाचणी औशाच्या रुग्णासारख्या, तोंड न उघडणाऱ्यांच्या गटात लावू. इथे शंभरात ४० अवघड असतील असं समजा. ४० पैकी ३२ पकडले, ६० पैकी १२ खोटे इशारे. ४४ पैकी ३२ खरे, म्हणजे ७३ टक्के. आकडा एकदम भारदस्त झाला. पण थांबा. दीड बोट उघडणारं तोंड समोर असताना ‘अवघड जाईल’ हे सांगायला यंत्र कशाला? ते कुणीही उघड्या डोळ्यांनी सांगेल. सगळ्या रुग्णांत चाचणी खोटे इशारे देते, आणि निवडक रुग्णांत आपल्याला आधीच माहीत असलेलं सांगते. भाकिताचा प्रश्न या दोन्ही बाजूंनी आवळला जातो.

प्रबंधाच्या दृष्टीने याचा आणखी एक अर्थ होतो. दोन वर्षांत तुम्ही १०० रुग्ण घेतलेत आणि त्यात १० जणांमध्ये दृश्य अवघड निघालं. तुमच्या मापाने ८ ओळखले, म्हणून तुम्ही लिहिणार ‘संवेदनशीलता ८० टक्के’. १० पैकी ८ चा ९५ टक्के विश्वास-अंतराल साधारण ४४ ते ९७ टक्के येतो. चाचणी जवळजवळ निरुपयोगी असू शकते किंवा उत्तम असू शकते, एवढंच तुम्हाला कळलं. नमुन्याचा आकार एकूण रुग्णांवरून न काढता अवघड निघणाऱ्या रुग्णांवरून काढा.

दुसरा प्रश्न : कुठे आहे?

‘नळीही जात नाही, मास्कनेही हवा जात नाही’ अशी वेळ आली, तर शेवटचा मार्ग गळ्यातून पुढून असतो. कंठमणी ज्यावर आहे ती थायरॉइड कूर्चा आणि तिच्याखालची क्रिकॉइड कूर्चा यांच्यामध्ये एक पातळ पडदा आहे. उंची जेमतेम एक सेंटीमीटर. तिथे छेद देऊन नळी सरकवायची. ब्रिटनच्या डिफिकल्ट एअरवे सोसायटीची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं यासाठी ब्लेड, बूजी आणि ६ नंबरची नळी सांगतात. आपल्याकडे ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनची तत्त्वं २०१६ मध्ये आली. ब्रिटनच्याच चौथ्या राष्ट्रीय तपासणीत, २०११ मध्ये, भूलतज्ज्ञांनी आणीबाणीत सुईसारख्या कॅन्युलाने केलेले सुमारे ६० टक्के प्रयत्न फसल्याचं आढळलं होतं. त्याची कारणं अनेक, पण जागाच न सापडणं हे त्यातलं एक.

बोटाने चाचपून हा पडदा शोधणं बारीक पुरुषाच्या गळ्यात सोपं असतं. स्त्रियांमध्ये कंठमणी उठून दिसत नाही, स्थूल गळ्यात काही हाती लागत नाही, आणि सूज असली की सगळंच सपाट. सोनोग्राफी इथे भाकीत करत नाही, ती फक्त दाखवते. पद्धत शिकायला सोपी आहे :

१. रुग्णाची मान मागे, प्रोब गळ्यावर आडवा, कंठमण्यापाशी. थायरॉइड कूर्चा घराच्या छपरासारखी त्रिकोणी दिसते.
२. प्रोब हळूहळू पायांच्या दिशेने सरकवा. त्रिकोण संपला की ती चकचकीत पांढरी रेघ येते. हाच पडदा.
३. आणखी खाली गेलात की काळसर, आडव्या इंग्रजी ‘सी’सारखी क्रिकॉइड दिसते.
४. परत वर या. पांढरी रेघ दिसली की थांबा आणि कातडीवर पेनने खूण करा.

प्रोब उभा धरला तर श्वासनलिकेची कडी दोऱ्यात ओवलेल्या काळ्या मण्यांसारखी दिसतात आणि वरचा मोठा मणी क्रिकॉइडचा असतो. दोन्ही पद्धती शिकून ठेवा. मोठी रक्तवाहिनी किंवा थायरॉइड ग्रंथी वाटेत येते का, हेही त्याच वेळी कळतं.

दोन गोष्टी विसरू नका. खूण भूल देण्याआधी करायची. रुग्ण निळा पडत असताना यंत्र ओढत आणून जेल लावत बसणं चूक आहे. आणि मान ज्या स्थितीत ठेवून छेद द्यावा लागेल त्याच स्थितीत खूण करायची, कारण मान हलली की कातडी सरकते, पडदा तिच्याबरोबर सरकत नाही.

औशाच्या आपल्या रुग्णाला बहुधा जागेपणीच, नाकातून, फायबरऑप्टिक दुर्बिणीने नळी घालतील. त्यासाठी घसा बधिर करावा लागतो. हायॉइड हाडाशेजारी स्वरयंत्राच्या वरच्या नसेभोवती औषध सोडायचं, किंवा त्याच पडद्यातून श्वासनलिकेत औषध सोडायचं. सोनोग्राफी इथेही जागा दाखवते. ती नस स्वतः इतकी बारीक असते की पुष्कळदा दिसत नाही, म्हणून हाड आणि पडदा बघून औषध सोडतात. ‘नस पाहून ब्लॉक दिला’ असं प्रबंधात लिहिण्याआधी नस खरंच दिसली होती का, ते स्वतःला विचारा.

तिसरा प्रश्न : नळी गेली कुठे?

नळी श्वासनलिकेऐवजी अन्ननलिकेत गेली आणि वेळीच कळलं नाही, तर रुग्ण दगावतो. हे ओळखण्याचं मुख्य साधन कॅप्नोग्राफी, म्हणजे उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आलेख. आलेख नाही तर नळी चुकीच्या जागी आहे असंच धरायचं. सोनोग्राफी ही जागा घेऊ शकत नाही. पण हृदय बंद पडलेल्या रुग्णात फुप्फुसापर्यंत रक्तच कमी पोचतं, आलेख बारीक येतो आणि शंका राहते. अशा वेळी गळ्याच्या तळाशी आडवा प्रोब ठेवला तर नळी योग्य असताना हवेची एकच पांढरी कमान दिसते. नळी अन्ननलिकेत असेल तर तिच्या बाजूला, बहुधा रुग्णाच्या डावीकडे, दुसरी कमान उघडते. नंतर छातीवर दोन्हीकडे प्रोब ठेवून फुप्फुस सरकतंय का ते बघितलं, तर नळी खूप खोल जाऊन एकाच फुप्फुसात शिरली आहे का, याचाही अंदाज येतो.

या प्रश्नाचं उत्तर लगेच आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ असं मिळतं, आणि ते ताडून पाहायला कॅप्नोग्राफी हाताशी असते. संशोधनाला अशी स्थिती अनुकूल असते.

आपल्या भागातला प्रश्न

तोंड बंद होत जाणाऱ्या या आजाराला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये तो नोंदवला आणि १९५३ मध्ये मुंबईच्या जोशींनी त्याला आज रुळलेलं नाव दिलं. मुख्य कारण सुपारी. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण लातूर, नांदेड, अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत असे रुग्ण ज्यांनी पाहिले आहेत त्यांना बंदी आणि वास्तव यांतलं अंतर सांगायला नको.

गळ्याच्या सोनोग्राफीचं बरंच वाङ्मय अतिस्थूल रुग्णांवर उभं आहे. आपल्याकडचा अवघड श्वासमार्ग अनेकदा शिडशिडीत, न उघडणाऱ्या तोंडाचा असतो. तिथे जाडी मोजून काय मिळणार? अडचण जाडीची नाहीच. पण ‘सूज असलेल्या, तोंड न उघडणाऱ्या रुग्णांत निवासी डॉक्टरांनी बोटाने केलेली पडद्याची खूण सोनोग्राफीच्या खुणेपासून किती मिलिमीटर दूर असते?’ हा प्रश्न लहान आहे, प्रामाणिक आहे, आणि प्रत्येक रुग्ण तुम्हाला एक उपयोगी आकडा देतो. अवघड रुग्ण कधी मिळतो याची वाट बघावी लागत नाही. उत्तर काहीही आलं तरी उद्याच्या कामात ते वापरता येतं.

सुरू करण्याआधी

• व्याख्या ठरवा. स्वरयंत्र न दिसणं आणि नळी न जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉरमॅक-लेहेन श्रेणी (१९८४) फक्त दृश्य सांगते. व्हिडिओ लॅरिंगोस्कोप वापरणार असाल तर आकडे बदलतात, म्हणून साधन आधीच लिहून ठेवा.
• मोजणारा आणि नळी घालणारा वेगळे ठेवा. माप माहीत असलेला माणूस ‘अवघड गेलं’ असं नकळत म्हणू शकतो.
• दोन जणांनी, एकमेकांचं न बघता मोजलं तर किती फरक येतो, ते पहिल्या वीस रुग्णांत तपासा. प्रोब जरा जास्त दाबला तरी माप मिलिमीटरने बदलतं. मोजणाऱ्यांतला फरक गटांमधल्या फरकाएवढाच असेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही.
• नैतिक समितीची परवानगी आणि क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडियामधली नोंद पहिला रुग्ण घेण्याआधी. नंतर केलेल्या नोंदीला नियतकालिकं विचारत नाहीत.
• यंत्राचा कायदा. गर्भलिंगनिदानावर बंधन घालणारा कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा १९९४ चा कायदा १९९६ पासून लागू झाला. गळा बघायचा असला तरी यंत्र तेच, म्हणून त्याची नोंदणी, नोंदलेली जागा आणि वापरणाऱ्याची पात्रता हे सगळं लागू होतं. पोर्टेबल यंत्र थिएटरमधून दुसऱ्या इमारतीत किंवा शिबिरात न्यायचा विचार असेल, किंवा अभ्यासात गरोदर स्त्रिया घेणार असाल, तर संस्थेत हे काम बघणाऱ्यांकडून आधी लेखी घ्या.
• संमतीपत्र साध्या मराठीत. आपल्याकडे सोनोग्राफी म्हटलं की लोकांना पोटातलं बाळच आठवतं. ‘माझ्या गळ्याची सोनोग्राफी कशाला?’ या प्रश्नाचं उत्तर पहिल्या दोन ओळींत द्या. थंड जेल लागेल, पाच मिनिटं लागतील, यामुळे उपचार लांबणार नाही, आणि नाही म्हटलं तरी उपचार तसाच मिळेल.

शेवटचा मुद्दा त्या संमतीपत्रातूनच निघतो. ज्याचा गळा सुजलाय, तोंड उघडत नाहीये, त्याच्याकडून तुम्ही पाच मिनिटं मागताय. त्या बदल्यात त्याच्या गळ्यावर पेनाची एक खूण राहिली आणि ती बरोबर जागी असली, तर अडचणीच्या क्षणी ती त्याच्याच कामाला येईल. विषय निवडताना मार्गदर्शकांसमोर हाच प्रश्न ठेवा : आपण मोजणार आहोत त्यातून, ज्याला मोजलं त्याला काही मिळणार आहे का? मोजमापांचे तक्ते त्यानंतर आखा.